सूर्यफूल, पोटॅश आणि सिझियम : दूषित जमीन स्वस्तात सुधारण्याचा इतिहास



मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने मला तिच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला पाठवला. विषय होता, सूर्यफुलाची लागवड करून किरणोत्सारी जमीन साफ करणं. वाचता वाचता मला हसू आलं. तिचं नाही, माझंच. कारण चार वर्षांपूर्वी पेट पास झाल्यावर मी लिहिलेला पहिला प्रस्ताव जवळपास हाच होता. सुंदर कल्पना, स्वस्त पद्धत, निसर्गाला धक्का नाही. आणखी काय पाहिजे?

माझ्या गाईडनी तो शांतपणे वाचला आणि दोनच प्रश्न विचारले. "एका पिकातून जमिनीतलं किती टक्के सिझियम निघेल? आणि आपण काहीच केलं नाही, तर वर्षाला किती टक्के आपोआप कमी होईल?" मला दोन्ही आकडे सांगता आले नाहीत. घरी येऊन गणित केलं आणि रात्री प्रस्ताव बाजूला ठेवला. ते गणित मी खाली तुमच्यासमोर करणार आहे. पण त्याआधी इतिहास बघू. किरणोत्सारी जमिनीचं काय करायचं, हा प्रश्न जगाला गेल्या साठ-सत्तर वर्षांत अनेकदा पडलाय. प्रत्येक वेळी महागडी उत्तरं पुढे आली आणि स्वस्तही. त्यातली कुठली टिकली आणि का टिकली, हे कळलं तर तुमच्या विषयाची निवडही सोपी होईल.

आधी एक आकडा

अणुभट्टीच्या अपघातानंतर जमिनीत दीर्घकाळ राहणारा मुख्य त्रास म्हणजे सिझियम-१३७. त्याचं अर्धायुष्य साधारण ३० वर्षं. आयोडीन-१३१ सुरुवातीला फार घातक असतं, पण त्याचं अर्धायुष्य ८ दिवस, म्हणजे काही महिन्यांत विषय संपतो. सिझियम मात्र एका पिढीत निम्मं होतं, दुसऱ्या पिढीत पाव.

आता हे सिझियम असतं किती? चेर्नोबिलनंतर सोव्हिएत सरकारने सगळ्यात कडक नियंत्रणाचा जो पट्टा ठरवला, त्याची सीमा होती दर चौरस मीटरला १४ लाख ८० हजार बेकरेल. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणुविघटन. आकडा ऐकून घाबरायला होतं. पण एक ग्रॅम सिझियम-१३७ म्हणजे साधारण ३.२ लाख कोटी बेकरेल. भागाकार करून बघा. एका अख्ख्या चौरस किलोमीटरवर अर्धा ग्रॅमसुद्धा सिझियम नाही! एका हेक्टरवर, म्हणजे अडीच एकरांवर, जेमतेम ४.६ मिलिग्रॅम.

हा आकडा डोक्यात पक्का ठेवा. मिठाच्या काही कणांएवढा पदार्थ अडीच एकरांत मिसळला गेलाय आणि तो तुम्हाला बाहेर काढायचाय. वरची फक्त ५ सेंटिमीटर माती खरवडायची म्हटली तरी हेक्टरी ५०० घनमीटर माती होते. ती भरायची, वाहायची आणि कुठेतरी ठेवायची. महागडं उत्तर महाग का पडतं, ते इथेच कळतं.

उचला किंवा पुरा : १९५७ आणि १९६६

चेर्नोबिल हे नाव सगळ्यांना माहीत असतं. पण मोठ्या प्रमाणावर शेतजमीन दूषित होण्याची पहिली मोठी घटना त्याच्या २९ वर्षं आधीची. २९ सप्टेंबर १९५७ रोजी उरल पर्वताजवळच्या मायाक अणुकारखान्यात किरणोत्सारी कचऱ्याच्या एका टाकीची थंड करणारी यंत्रणा बंद पडली आणि टाकीचा स्फोट झाला. वाऱ्याबरोबर साधारण ३०० किलोमीटर लांब पट्टा दूषित झाला. तिथे दीर्घकाळचा मुख्य त्रास स्ट्रॉन्शियम-९० चा होता. स्ट्रॉन्शियम हा कॅल्शियमचा भाऊबंद, त्यामुळे तो गवतातून दुधात आणि दुधातून हाडांत जातो.

तिथल्या मृदाशास्त्रज्ञांकडे माती उचलून नेण्याएवढी साधनं नव्हती. त्यांनी शेतकऱ्याकडे असतंच ते अवजार वापरलं, नांगर. फक्त खूप खोल घालून. वरचा दूषित थर अर्ध्या मीटरच्याही खाली गेला की बऱ्याच पिकांची मुळं तिथे फारशी पोचत नाहीत आणि जमिनीवर उभ्या माणसालाही किरणोत्सर्ग कमी लागतो. ही सगळी माहिती सोव्हिएत सरकारने १९८९ पर्यंत अधिकृतपणे जाहीरच केली नव्हती.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी इथे एक आडवळण. या अपघाताबद्दल झोरेस मेदवेदेव या निर्वासित जीवशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये पाश्चात्त्य जगाला सांगितलं, तेव्हा अनेकांनी त्याला वेड्यात काढलं. मग त्याने काय केलं? सोव्हिएत नियतकालिकांत उघडपणे छापलेले शोधनिबंध वाचले. त्यात तळ्यातले मासे, झाडं, प्राणी यांच्यातल्या स्ट्रॉन्शियमची मोजमापं होती, फक्त जागेचं नाव नव्हतं. प्रजाती, तळ्यांचे आकार, तारखा जुळवत त्याने अपघात कुठे आणि साधारण कधी झाला हे दाखवून दिलं आणि १९७९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. 'लिटरेचर रिव्ह्यू कंटाळवाणा असतो' असं यापुढे कोणी म्हटलं, तर ही गोष्ट सांगा.

दुसरी घटना स्पेनमधल्या पालोमारेस गावची. १७ जानेवारी १९६६ रोजी अमेरिकेचं बॉम्बवाहू विमान हवेत इंधन भरताना दुसऱ्या विमानावर आदळलं. चार हायड्रोजन बॉम्ब खाली पडले. अणुस्फोट झाला नाही, पण दोन बॉम्बमधली साधी स्फोटकं फुटली आणि प्लुटोनियम टोमॅटोच्या शेतांवर पसरलं. अमेरिकेने जास्त दूषित माती आणि झाडोरा मिळून सुमारे १,४०० टन माल ४,८१० पिंपांत भरून समुद्रमार्गे आपल्या देशात नेला. कमी दूषित शेतं मात्र ३० सेंटिमीटरपर्यंत नांगरून सोडून दिली. म्हणजे बघा, जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशानेही सगळी माती उचलली नाही! त्याची किंमत नंतर कळली. तिथे दूषित जागा उरल्याचं पुढे आढळलं आणि उरलेल्या मातीचं काय करायचं याबद्दल अमेरिका आणि स्पेन २०१५ मध्येही निवेदनावर सह्या करत होते.

नांगराचा हा मोठा तोटा लक्षात ठेवा. नांगरणी एकदा केली की परत फिरता येत नाही. वरच्या ५ सेंटिमीटरमध्ये असलेलं दूषण ३० सेंटिमीटरमध्ये मिसळलं, तर उद्या खरवडायचं ठरवल्यास सहापट माती उचलावी लागेल. स्वस्त उपाय कधीकधी पुढचे सगळे उपाय महाग करून ठेवतो.

सिझियमची नातेवाईक मंडळी

आता थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, अकरावीतलंच आहे. आवर्तसारणीचा पहिला गण आठवा : लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम. सिझियम आणि पोटॅशियम एकाच घरातले. झाडाच्या मुळाला पोटॅशियम हवं असतं आणि सिझियम नको असतं, पण दोघांत नीट फरक करणं मुळाला जमत नाही. मातीत पालाश कमी असेल तर मूळ जे मिळेल ते ओढतं आणि त्यात सिझियमही आत जातं. पालाश भरपूर असेल तर सिझियमचा नंबर क्वचित लागतो.

दुसरी गोष्ट मातीची. इलाइटसारख्या चिकणमातीच्या खनिजांचे थर पानांसारखे एकावर एक असतात आणि त्यांच्या कडा विस्कटलेल्या असतात. त्या कडांच्या फटींत सिझियमचा आयन जाऊन बसतो तो बसतोच. अशा मातीत सिझियम असतं, पण झाडाला फारसं मिळत नाही. उलट कुजलेल्या वनस्पतींनी बनलेल्या पीट जमिनीत चिकणमाती जवळपास नसतेच. तिथे सिझियम मोकळं राहतं आणि वर्षानुवर्षं गवतात चढत राहतं.

म्हणजे 'जमिनीत किती सिझियम आहे' आणि 'पिकात किती येतं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. माझ्या मूळ प्रस्तावात मी या दोन्हींची गल्लत केली होती. माझीच कशाला, एका देशाच्या तज्ज्ञांनीही असंच काहीसं केलं होतं.

तीन आठवडे म्हणाले आणि २६ वर्षं लागली

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. त्याचा ढग मेच्या सुरुवातीला ब्रिटनवर गेला आणि कम्ब्रिया, वेल्स, स्कॉटलंडच्या डोंगरांवर नेमका तेव्हाच जोरदार पाऊस पडला. जूनमध्ये सरकारने मेंढ्यांच्या विक्रीवर आणि हलवण्यावर बंदी घातली. सांगितलं की साधारण तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे, सिझियम मातीत अडकून बसेल. बंदीखाली सुमारे ४० लाख मेंढ्या आल्या.

तीन आठवडे गेले, बंदी उठली नाही. सिझियम मातीत लवकर अडकतं, हा तज्ज्ञांचा अनुभव चिकणमातीच्या जमिनींवरचा होता. डोंगरावरच्या जमिनी पीटच्या, आम्लधर्मी. तिथे सिझियम गवत, मेंढी, लेंडी आणि पुन्हा माती असं फिरतच राहिलं. शेवटची बंदी उठली जून २०१२ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी.

ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने कम्ब्रियाच्या मेंढपाळांशी बोलून यावर जे लिहिलं, ते विज्ञान आणि समाज शिकणाऱ्यांना आजही वाचायला देतात. त्यातला एक प्रसंग स्वस्त उपायाबद्दलचाच आहे. बेंटोनाइट नावाची चिकणमाती जमिनीवर टाकली तर ती सिझियम धरून ठेवेल का, हे तपासायला शास्त्रज्ञांनी डोंगरावर कुंपणं घातली, प्रत्येकात वेगवेगळ्या प्रमाणात बेंटोनाइट टाकलं आणि आत मेंढ्या सोडल्या. मेंढपाळ म्हणाले, अहो, या मेंढ्या मोकळ्या डोंगरावर चरणाऱ्या, कुंपणात कोंडल्यावर त्या खंगतील आणि तुमची मोजमापं बिघडतील. कोणी ऐकलं नाही. पुढे प्रयोग गुपचूप गुंडाळावा लागला, कारण तोच, जो मेंढपाळांनी आधी सांगितला होता.

तुम्ही उद्या फील्डवर्कला जाल तेव्हा हे आठवा. ज्याची जमीन आहे त्याला सिझियमबद्दल तुमच्यापेक्षा कमी माहीत असेल, पण जमिनीबद्दल आणि जनावराबद्दल नाही.

चुना, पालाश आणि निळी पूड

आता मूळ ठिकाणी येऊ. युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या सीमेवरचा पोलेसिया हा भाग दलदलीचा, वाळूमिश्रित आणि पीट जमिनींचा. लोक गरीब. घरची एक-दोन गायी, बटाट्याचं शेत, जंगलातली अळंबी आणि बोरं. दूषित गावं इतकी पसरलेली की सगळी माती उचलणं शक्यच नव्हतं. इथे शेतीतज्ज्ञांनी जे केलं, त्याची यादी वाचून तुम्हाला वाटेल की ही तर कृषी सहायकाची डायरी आहे.

आम्ल जमिनीत चुना टाकला. त्याने पिकातलं सिझियम दीड ते तीन पट कमी झालं. रासायनिक खतांत पालाशचं प्रमाण वाढवलं, त्यानेही दीड ते तीन पट. साध्या नांगरणीने पहिल्या वर्षी अडीच ते चार पट. वरचा ५ सेंटिमीटरचा थर तेवढा अलगद कापून ४५ सेंटिमीटर खाली ठेवणारा आणि मधली माती न उलथवणारा खास नांगर वापरला तर ८ ते १६ पट. चराऊ कुरणं नांगरून, चुना-खत देऊन नवीन गवत पेरलं तर पहिल्या खेपेला दीड ते नऊ पट. हे आकडे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००६ मध्ये चेर्नोबिलच्या २० वर्षांच्या अनुभवावरून मांडले. बेलारूसमध्ये मोहरीच्या कुळातलं रेपसीड लावलं, कारण तेल गाळताना सिझियम आणि स्ट्रॉन्शियम पेंडीत राहतं, तेलात जवळपास येतच नाही. म्हणजे जमीन तशीच, पण विकण्याजोगं उत्पन्न स्वच्छ.

आणि सगळ्यात मजेदार उपाय, प्रशियन ब्लू. साधारण १७०६ मध्ये बर्लिनमध्ये रंग बनवताना चुकून तयार झालेलं हे निळं रंगद्रव्य. जुन्या इमारतींच्या आराखड्यांना आपण 'ब्लूप्रिंट' म्हणतो, त्यातला निळा रंग हाच. त्याच्या स्फटिकात पिंजऱ्यासारख्या पोकळ्या असतात आणि सिझियमचा आयन त्यात घट्ट बसतो. शिवाय हा पदार्थ आतड्यातून रक्तात जवळपास शोषला जात नाही. मग युक्ती अशी : गाईला रोज ३ ग्रॅम पूड खाद्यातून द्यायची. चाऱ्यातलं सिझियम पोटातच पकडलं जातं आणि शेणावाटे निघून जातं. दुधात आणि मांसात ते साधारण दोन ते पाच पट कमी येतं. जर्मन पशुवैद्यक वेर्नर गीझे यांनी यातल्या एका प्रकारावर इतकं काम केलं की त्याला 'गीझे सॉल्ट' असंच नाव पडलं. नॉर्वेत रेनडिअर आणि मेंढ्यांना रोज खाद्य देणं शक्य नसतं. तिथे मिठाच्या चाटण-विटांत ही पूड मिसळली. मेण आणि बराइट घालून तिच्या मोठ्या गोळ्याही बनवल्या. त्या जनावराच्या पहिल्या पोटात बसून दोन-तीन महिने हळूहळू विरघळतात.

हे औषध माणसांनाही दिलंय. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात भंगारवाल्यांनी एका बंद पडलेल्या दवाखान्यातलं किरणोपचार यंत्र फोडलं आणि त्यातलं सिझियम घराघरांत पसरलं, तेव्हा ४६ जणांना प्रशियन ब्लू दिलं गेलं. सिझियम शरीरातून निम्मं व्हायला एरवी साधारण ११० दिवस लागतात, या औषधाने ते ३० दिवसांवर येतं.

आता या सगळ्या यादीकडे नीट बघा. चुना, पालाश, नांगर, तेलबिया, निळी पूड. यातल्या एकानेही जमिनीतून सिझियम काढलेलं नाही. सगळ्यांनी फक्त जमीन ते ताट हा रस्ता अडवला. प्रश्नच बदलला म्हणून उत्तर स्वस्त झालं.

मग सूर्यफुलाची गोष्ट आली कुठून?

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे इल्या रास्किन आणि त्यांच्याशी संबंधित फायटोटेक कंपनी यांनी एक प्रयोग केला. चेर्नोबिलजवळच्या एका लहान तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं लावली, मुळं पाण्यात सोडून. मुळांनी पाण्यातलं सिझियम आणि स्ट्रॉन्शियम झपाट्याने ओढलं. निकाल खरा होता, काम चांगलं होतं. पुढे जून १९९६ मध्ये युक्रेनने शेवटची अण्वस्त्रं दिल्यावर अमेरिका, रशिया आणि युक्रेनच्या संरक्षणमंत्र्यांनी पेर्वोमायस्कच्या क्षेपणास्त्र तळावर सूर्यफुलं लावली. तो शांततेचा कार्यक्रम होता, माती साफ करण्याचा नव्हे. पण दोन्ही बातम्या लोकांच्या मनात एकत्र झाल्या आणि 'सूर्यफूल किरणोत्सार खातं' हे वाक्य जगभर फिरायला लागलं.

मधला एक शब्द गळाला, पाण्यातलं. पाण्यात सिझियम मोकळं असतं, त्याला धरून ठेवणारी चिकणमाती नसते. मातीत गोष्ट पूर्ण वेगळी. त्याच गटाने नंतर चेर्नोबिलच्या परिसरात मातीवर प्रयोग केले तेव्हा हीच अडचण पुढे आली.

चला, आता ते गणित करू. वही-पेन घ्या.

एक हेक्टर, २० सेंटिमीटर खोल माती म्हणजे २,००० घनमीटर. घनता १.३ धरली तर २,६०० टन. सूर्यफुलाचं सुकं वजन उदार मनाने हेक्टरी १० टन धरा. झाडातल्या सिझियमचं प्रमाण भागिले मातीतलं प्रमाण याला स्थानांतर गुणांक म्हणतात, तो ०.१ धरा, हेही उदारच. मग एका पिकातून निघणारा हिस्सा = ०.१ × १० ÷ २,६००. उत्तर येतं सुमारे ०.०४ टक्के.

आणि काहीच केलं नाही तर? अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण २.३ टक्के सिझियम आपोआप नष्ट होतं. सूर्यफुलाच्या सुमारे साठपट! शेत पडीक ठेवून नुसतं बसलात तरी सूर्यफुलापेक्षा साठपट काम होतं. वर त्या १० टन किरणोत्सारी कडब्याची विल्हेवाट लावायची डोकेदुखी वेगळीच.

हे माझं वहीतलं गणित म्हणून सोडून देऊ नका. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली, तेव्हा हजारो लोकांनी आशेने सूर्यफुलं पेरली. जपानच्या कृषी मंत्रालयाने इताते गावात रीतसर चाचणी घेतली आणि सप्टेंबर २०११ मध्ये निकाल जाहीर केला. सूर्यफुलाने मातीतल्या सिझियमचा साधारण दोन हजारावा हिस्सा ओढला होता, म्हणजे ०.०५ टक्के. वहीतलं गणित आणि शेतातला निकाल जवळजवळ जुळले. त्याच चाचणीत वरची ४ सेंटिमीटर माती काढल्यावर प्रमाण किलोला १०,३७० वरून २,५९९ बेकरेलवर आलं, म्हणजे ७५ टक्के घट.

फुकुशिमा : दोन्ही रस्ते एकाच वेळी

मग जपानने माती काढली, आणि केवढी! साधारण १.४ कोटी घनमीटर दूषित माती आणि कचरा ओकुमा आणि फुताबा या गावांमधल्या तात्पुरत्या साठवण केंद्रात नेला गेला. कायद्याने तो २०४५ पर्यंत फुकुशिमाच्या बाहेर कायमचा हलवायचाय. कुठे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. शिवाय खरवडलेल्या शेतातून वरचा सुपीक थर गेला. ज्या मातीत कित्येक पिढ्यांनी शेणखत घातलं, ती काळ्या पोत्यांत गेली.

त्याच वेळी भातशेतीत दुसरा रस्ता चालू होता. संशोधकांना दिसलं की ज्या खाचरांत पालाश कमी, तिथल्याच भातात सिझियम जास्त. मग लक्ष्य ठरवलं : दर १०० ग्रॅम मातीत किमान २५ मिलिग्रॅम उपलब्ध पालाश. शेतकऱ्यांना पोटॅशच्या गोण्या दिल्या आणि २०१२ पासून प्रांतातल्या भाताचं प्रत्येक पोतं तपासलं, वर्षाला सुमारे एक कोटी पोती. किलोला १०० बेकरेलची मर्यादा ओलांडणारी पोती २०१२ मध्ये ७१ निघाली, २०१३ मध्ये २८, २०१४ मध्ये २ आणि २०१५ च्या पिकापासून एकही नाही. एका कोटीत ७१ आणि मग शून्य!

इतातेमध्ये टोकियो विद्यापीठाचे मासारू मिझोगुची आणि गावातले शेतकरी यांनी मिळून आणखी साध्या पद्धती काढल्या. कडाक्याच्या थंडीत वरची काही सेंटिमीटर माती गोठून फरशीसारखी होते, ती तशीच उचलायची. किंवा खाचरात पाणी सोडून चिखलणी करायची आणि गढूळ पाणी वाहून जाऊ द्यायचं, कारण सिझियम बारीक चिकणमातीला चिकटलेलं असतं आणि तीच पाण्यात तरंगते. आपल्या कोकणातल्या कुणालाही चिखलणी शिकवावी लागणार नाही. मग ती माती त्याच शेतात खड्डा करून पुरायची आणि वर स्वच्छ माती टाकायची. चिकणमातीत सिझियम पुढे सरकत नाही हे मोजून दाखवलं. दूषण त्याच गावात राहिलं खरं, पण नियंत्रणात राहिलं.

स्वस्त म्हणजे नेमकं काय?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, चला, पोटॅश टाका, प्रश्न संपला. नाही. रस्ता अडवायचा असेल तर तो दरवर्षी अडवावा लागतो. पोटॅश दरवर्षी, निळी पूड दर मोसमाला, तपासणी दर पिकाला. माती एकदा उचलली की ते काम संपतं, पण पालाशचा खर्च छोटा आणि न संपणारा. जंगलातल्या अळंबीवर तर यातला एकही उपाय चालत नाही.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० च्या दशकाच्या मध्यात पैसे आटले, खतं कमी झाली, उपाय रेंगाळले. २०१८ मध्ये ब्रिटिश आणि युक्रेनी संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. चेर्नोबिलपासून सुमारे २०० किलोमीटरवरच्या रिव्ने भागातल्या १४ गावांचं दूध तपासलं, तर ६ गावांत ते प्रौढांसाठीच्या मर्यादेच्या वर आणि ८ गावांत मुलांसाठीच्या मर्यादेच्या वर होतं. काही नमुने प्रौढांच्या मर्यादेच्या पाचपट. अपघाताला तीस वर्षं होऊन गेल्यावर! त्याच लेखकांनी हिशोब मांडला की सहा गावांतल्या ८,३०० हून अधिक लोकांसाठी गाईंना निळी पूड, बटाट्याला जादा खत आणि डुकरांना स्वच्छ चारा दिला तर वर्षाला एक लाख युरोपेक्षा कमी लागतील, म्हणजे माणशी साधारण दहा युरो, तेही वर्षागणिक कमी होणारे.

हे वाचलं त्या दिवशी मला खूप वेळ दुसरं काही सुचलं नाही. आपण समजतो की जगाला नव्या शोधाची गरज आहे. इथे उपाय माहीत होता, तपासलेला होता, स्वस्त होता आणि तरीही पोराच्या पेल्यात ते दूध जात होतं. कमतरता शोधाची नव्हती, दरवर्षी दहा युरो देत राहण्याची होती.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

ज्युनिअरला मी 'विषय सोड' असं सांगितलं नाही. वनस्पतींवर काम करायचं असेल तर पाण्यातल्या दूषणावर कर, किंवा कमी सिझियम ओढणारे वाण शोधण्यावर कर, दोन्हीकडे खरं काम शिल्लक आहे. फक्त प्रस्ताव देण्याआधी तीन गोष्टी एका पानावर लिही, म्हटलं :

१. माझा उपाय जे करतो त्याच्या शेजारी 'काहीच केलं नाही तर काय होईल' हा आकडा.

२. मी जमीन साफ करतेय की ताट? कारण दोन्हींची मोजमापं वेगळी.

३. खर्च एकदाच आहे की दरवर्षी? आणि दरवर्षी असेल तर विसाव्या वर्षी तो कोण देणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. पण तो प्रस्तावात असायलाच हवा. नाहीतर आपण प्रबंध लिहून मोकळे होतो आणि दूध तसंच राहतं.

परवा तिचा फोन आला. गणित केलं होतं. म्हणाली, "ताई, साठपट आलं. रात्रभर झोप लागली नाही." मी म्हटलं, अभिनंदन, तुझी पीएचडी आजपासून सुरू झाली.

तुमच्या विषयाचा असा 'काहीच न केल्याचा आकडा' काय आहे? काढून बघा आणि जमलं तर मला कळवा. पुढच्या लेखात स्थानांतर गुणांक प्रत्यक्ष कसा मोजतात आणि त्यात नवशिक्यांच्या कुठल्या चुका होतात, ते सविस्तर बघू. तोपर्यंत अभ्यास चालू ठेवा.